कंडक्टरमामांचा संदर्भ

कंडक्टरमामा आमच्या वाचनालयात सात वर्षं जवळजवळ रोज आले, पण खुर्चीवर बसलेलं मी त्यांना फार क्वचित पाहिलं. पेपर वाचायचा असो की संगणकावर लिहायचं असो, ते उभेच असायचे. दोन पायांत हातभर अंतर, डावा खांदा कपाटाला टेकवलेला, आणि सगळं अंग किंचित सैल, म्हणजे इमारतीनं अचानक वळण घेतलं तरी तोल जायला नको. नवीन सभासद बिचकून त्यांना खुर्ची द्यायचे. मामा ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचे. शेवटी आम्ही बाद झालेल्या चार टेलिफोन डिरेक्टऱ्या मॉनिटरखाली रचल्या आणि संगणक त्यांच्या उंचीला आणला. "अठ्ठावीस वर्षं गाडीत उभा राहिलो ताई," ते म्हणायचे, "बसलं की वाटतं, कोणाची तरी जागा खाल्ली."

आमचं वाचनालय गुलमंडीच्या जवळ, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आहे आणि अठ्ठावीस पायऱ्यांचा आहे. तो आकडा मामांनीच मोजून सांगितला होता. ते मूळचे देवगाव रंगारीचे. निवृत्त झाल्यावर मुलाच्या नोकरीसाठी शहरात बिऱ्हाड केलं, मुलाची नंतर पुण्याला बदली झाली, आणि मामा-मामी दोघंच इथं राहिले. पहिल्या दिवशी ते वर आले, माझ्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाले, "फुलंब्रीचा पास." मी गोंधळले. मग लक्षात आलं की फुलंब्रीहून मी रोज ज्या लाल गाडीनं कामाला येते, तिच्यावर त्यांनी शेवटची काही वर्षं ड्युटी केली होती. त्यांना माणसांची नावं आठवत नसत. माणूस कुठं चढतो आणि कुठं उतरतो, एवढं मात्र ते कधी विसरत नसत.

त्याच सुमारास आमच्याकडं एक कार्यशाळा झाली. इंटरनेटवर कुणीही लिहू शकतो आणि कुणीही दुरुस्त करू शकतो असा जो मराठी ज्ञानकोश आहे, त्याचे काही स्वयंसेवक पुण्याहून आले होते. त्यांची कल्पना सोपी होती. वाचनालयानं जागा, नेट आणि आपली पुस्तकं द्यायची. त्यांनी लोकांना लेख लिहायला शिकवायचं. तेरा माणसं आली. चहा झाल्यावर सात उरली, दुपारनंतर तीन, आणि संध्याकाळी एकटे मामा. ते मुळात पेपर वाचायला आले होते आणि टेबल अडवलं म्हणून रागावून मागं उभे होते.

शिकवणाऱ्या मुलीनं विचारलं, "काका, तुम्हाला कुठल्या विषयावरचा लेख बघायचाय?"

"चिंचखेडा," मामा म्हणाले. त्यांच्या जुन्या रूटवरचं ते एक लहान गाव होतं.

लेख निघाला. त्यात एकच वाक्य होतं: चिंचखेडा हे कन्नड तालुक्यातील एक गाव आहे. त्याच्या अलीकडचं गाव काढलं, त्यातही तेच. पलीकडचं काढलं, पुन्हा तेच. मुलीनं समजावलं की हजारो गावांची अशी पानं एका यंत्रणेनं एकदम बनवली आहेत, माणसांनी ती नंतर भरायची आहेत.

मामांनी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "गाव हाय, हे ठीक," ते म्हणाले. "म्हणजे समुद्र नाय. पण ताई, ह्या गावात एक वेस हाय, शाळा हाय, बाजार भरतो. ह्या गावातनं माणसं चढतात. ती कुठून येतात, हे बी सांगायचं नाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ते दहा वाजता, मी कुलूप काढायच्या आधीच, जिन्यात उभे होते.

सदस्यनाव म्हणून त्यांनी आपला बिल्ला क्रमांक घेतला. मी म्हटलं, "मामा, नाव घाला की स्वतःचं." ते म्हणाले, "नावानं कोण ओळखतंय? तक्रार करायची झाली तरी लोक बिल्ला बघतात." टायपिंग त्यांना महिन्याभरात जमलं. एका बोटानं, पण त्या बोटाला तिकिटं फाडायची सवय असल्यामुळं वेग चांगला होता. लिहिण्याच्या बाबतीत मात्र त्यांची स्वतःची अशी शिस्त होती. एखाद्या लेखात पहिल्याच परिच्छेदात सगळी माहिती कोंबलेली दिसली की ते म्हणायचे, "दारातच गर्दी केलीय. आत सरका, मागं सगळी जागा मोकळी हाय." आणि ती माहिती उचलून खाली नेऊन नीट बसवायचे. लांबलचक बोलणाऱ्या माणसाला ते मधेच थांबवायचे: "बंदी नोट नको, सुट्टं सांगा." हे ते आमच्या अध्यक्षांनाही म्हणाले होते, वार्षिक सभेत, आणि अध्यक्षांनी भाषण खरोखर आवरतं घेतलं होतं.

आठवड्याभरात त्यांचा पहिला लेख तिथल्या कुणीतरी अर्ध्यावर आणला. 'टाकबोरू' अशा टोपणनावाचा तो जुना संपादक होता. चिंचखेड्याची वेस, बाजाराचा वार, पाणी कुठल्या विहिरीचं गोड आणि कुठल्या विहिरीचं मचूळ, हे मामांनी लिहिलेलं सगळं त्यानं काढलं आणि जे ठेवलं त्यापुढं 'संदर्भ हवा' अशी पाटी लावली. मामांनी पुन्हा घातलं. त्यानं पुन्हा काढलं. मामा माझ्याकडं आले.

"ताई, हा चेकर कोण हाय?"

"आपल्यासारखाच कुणीतरी, मामा. घरून काम करत असेल."

"मी स्वतः त्या विहिरीचं पाणी पिलोय. मी संदर्भ नाय व्हय?"

मी त्यांना लेखाच्या मागचं चर्चापान दाखवलं. तिथं टाकबोरूनं लिहिलं होतं: तुम्ही पाणी प्यायलात यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण उद्या दुसरा कुणीही येऊन मीही प्यायलो, ते खारट होतं, असं म्हणेल. वाचणाऱ्याला पडताळून पाहता येईल असा छापील आधार द्या.

मला वाटलं, आता मामा यायचे बंद होणार. पण ते वाचून मामा हसायला लागले. "बरोबर हाय त्याचं," ते म्हणाले. "अठ्ठावीस वर्षं मी लोकाला हेच म्हणालो. तिकीट काढलंय म्हणून सांगू नका, दाखवा."

त्या दिवसापासून आमच्या वाचनालयाला खरा सभासद मिळाला. छापील आधार म्हटलं की आमच्याकडं कमी नव्हतं. फक्त त्याला कुणी हात लावत नव्हतं. शाळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, कुणा गावच्या गुरुजींनी पदरमोड करून छापलेला गावाचा इतिहास, जुन्या साप्ताहिकांचे बस्ते. हे सगळं माळ्यावर लाल फडक्यात बांधून पडलेलं होतं. मामांनी एकेक खाली आणलं. विहिरीचं गोड पाणी त्यांना एका शाळेच्या स्मरणिकेत सापडलं, एका माजी विद्यार्थ्याच्या आठवणीत. त्यांनी पान क्रमांकासकट ते लावलं आणि चर्चापानावर लिहिलं: तिकीट दाखवले आहे. टाकबोरूनं उत्तर दिलं: पाहिले, प्रवास सुरू ठेवा. पुढं त्या दोघांचं चर्चापानांवरचं बोलणं इतकं वाढलं की मी कधीकधी दुपारच्या जेवणात तेच वाचत बसायची.

मग स्वयंसेवकांनी आणखी एक गोष्ट सुचवली. ज्या पुस्तकांचा हक्क संपला आहे, किंवा ज्यांचे वारस लेखी परवानगी देतील, अशी पुस्तकं स्कॅन करून सगळ्यांसाठी नेटवर मोकळी ठेवायची. आमच्या अध्यक्षांना हे अजिबात पटलं नाही. "सगळं फुकट नेटवर गेलं, तर लोक जिना चढून कशाला येतील?" त्यांनी विचारलं. मागं उभे असलेले मामा म्हणाले, "साहेब, गाड्यांचं वेळापत्रक स्टँडवर भिंतीला लावलेलं असतं. ते वाचून झालं म्हणून लोक गाडीत बसायचे थांबले का?" ठराव मंजूर झाला.

परवानग्या गोळा करायचं काम आपसूक मामांकडं गेलं. त्यांच्या पिशवीत छापील अर्ज, शाईचा पॅड आणि पाण्याची बाटली असायची. देवगाव रंगारीच्या एका रंगरेजानं फार पूर्वी कापड रंगवण्यावर एक लहानशी पुस्तिका लिहिली होती. त्यांचा मुलगा आता गुलमंडीतच कपड्याचं दुकान चालवतो. मी मामांबरोबर गेले होते. दुकानदार आमचं ऐकून घेऊन म्हणाला, "मामू, अब्बा की किताब है. फोकट में कायको देना? कोई भी उठा के ले जाएगा."

"किती प्रती हायत तुमच्याकडं?"

"एकच. ती भी आधी दीमक खा गई."

"म्हणजे वाळवीला परवानगी दिली," मामा म्हणाले, "आणि मला नाय."

दुकानदारानं गल्ल्यावरून पेन उचललं. सही करताना त्याला हसू आवरत नव्हतं. आज ती पुस्तिका कुठंही, कुणालाही वाचता येते, आणि वाळवीनं खाल्लेल्या जागा त्यात तशाच दिसतात.

हे सगळं मजेत चाललं होतं. फक्त एका वाक्यापाशी मामांची गाडी पुन्हा पुन्हा अडायची. चिंचखेड्याच्या लेखात त्यांनी लिहिलं होतं की गावातल्या सुगराबी नावाच्या बांगडीवाल्या बाईनं एकदा पुराच्या पाण्यात जाणारी प्रवासी गाडी थांबवली आणि सगळ्यांचे जीव वाचवले. टाकबोरूनं ते तीनदा काढलं. बाकी कुठल्याही वाक्यावर मामा वाद घालून मोकळे व्हायचे. याच्यावर ते गप्प व्हायचे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा ते वाक्य घालायचे. मी म्हटलं, "एवढी मोठी गोष्ट, तर पेपरात आलीच असेल. शोधू या." ते म्हणाले, "आली असंल." त्यांच्या आवाजात उत्साह नव्हता हे मला नंतर आठवलं.

आम्ही मामांनी सांगितलेल्या वर्षांचे बस्ते सोडले. एका जुन्या स्थानिक साप्ताहिकाचे अंक होते, कडा पिवळ्या पडून तुटायला आलेल्या. रोज दुपारी तासभर मी पानं उलटायची. अठरा-वीस दिवसांनी मला बातमी मिळाली. आतल्या पानावर, एका स्तंभात. मथळा होता की कंडक्टरच्या प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला. ओढ्यावरच्या बुटक्या फरशी पुलावर पाणी आलेलं पाहून कंडक्टरनं वेळीच घंटी देऊन गाडी थांबवली, थोड्याच वेळात पुलाचा भाग वाहून गेला, प्रवाशांनी त्यांचे आभार मानले, असं त्यात होतं. कंडक्टरचं नाव छापलेलं होतं. ते मामांचं होतं. सुगराबीचा उल्लेख कुठंच नव्हता.

मी आनंदानं मोठ्यानं वाचत होते. वाचून वर पाहिलं तर मामा खुर्चीवर बसलेले होते.

"मामा, तुम्ही कधी सांगितलं नाही," मी म्हटलं. "चहा मागवते सगळ्यांना."

"नको," ते म्हणाले, उठले आणि जिना उतरून गेले. तीन दिवस आले नाहीत.

चौथ्या दिवशी आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र होतं. प्रसंगावधान दाखवल्याबद्दल झेंडावंदनाच्या कार्यक्रमात त्यांना ते मिळालं होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर पालथं ठेवलं.

"ताई, घंटी मी दिली होती. दोन."

ज्यांनी लाल गाडीनं प्रवास केला आहे त्यांना हे सांगायला नको. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाजाराचा दिवस होता, गाडी गच्च भरलेली होती. फरशी पुलावरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. ड्रायव्हरनं मागं पाहिलं. लोकांना घरी जायची घाई होती, मामांनाही होती. त्यांनी डबल बेल दिली. सगळ्यात मागं सुगराबी बांगड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेली होती. सकाळीच ती त्या पुलावरून पायी आली होती. ती ओरडली, "नक्को जाओ, पुलिया नीचे से खाली हो गया." कुणी लक्ष दिलं नाही. गाडी हलली. तेव्हा ती सीटवर चढली आणि तिनं घंटीची दोरी ओढली. एकदा. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, माणसं एकमेकांवर पडली.

"आणि मी तिच्यावर ओरडलो," मामा म्हणाले. "भर गाडीत. दोरीला हात लावायचा तुला काय अधिकार म्हणून. ती तशीच खाली उतरली, एका म्हाताऱ्याची काठी घेतली, पाण्यात गेली आणि काठी पुढं टेकवली. काठी खाली गेली ताई. पूर्ण. तिथं फरशीच नव्हती. आम्ही बघतोय तोवर कडेचा तुकडा बी गेला."

"मग पेपरात असं कसं आलं?"

"ड्रायव्हरला त्या गलक्यात मागचं काय कळतंय? त्यानं घंटी ऐकली. घंटी कंडक्टरच देतो. त्यानं पेपरवाल्याला तेच सांगितलं, इमानदारीत. नंतर साहेबांनी मला विचारलं, घंटी तुम्ही दिली ना?" मामांनी चौकटीकडं बोट केलं. "मी नाय म्हणालो नाय."

पुढं कितीतरी वर्षं सुगराबी त्यांच्या गाडीत चढत राहिली. तिनं कधी तो विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. तिला बसायला जागा करून द्यायची, टोपली नीट ठेवू द्यायची, एवढंच ते करत राहिले.

मी म्हटलं, "मामा, मग आपण ते वाक्यच सोडून देऊ. बातमी मी पुन्हा बस्त्यात ठेवते."

"आणि पुढच्या महिन्यात बस्ते स्कॅन होणार. मग जगभर हेच वाचतील. आता चेकरला हा संदर्भ दिला तर तो लगेच म्हणंल, बरोबर हाय." त्यांनी पालथ्या प्रशस्तिपत्रावर हात ठेवला. "छापलेलं तेवढं खोटं हाय, आणि खरं कुठंच छापलेलं नाय. हे आपल्याला सरळ करता येतं का, एवढं सांगा."

मी पुण्याच्या स्वयंसेवकांना फोन केला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, स्वतःविषयीची गोष्ट मामांनी स्वतः लेखात घालायची नाही. दोन, वाचनालय स्वतः पुस्तक काढू शकतं. लोकांच्या आठवणी त्यांच्या नावानिशी आणि सहीनिशी घ्या, छापा, मोकळ्या परवान्यानं नेटवर ठेवा. मग ज्याला वापरायचंय तो वापरेल.

असं आमचं पुस्तक ठरलं. मामांच्या जुन्या रूटवरची गावं, थांब्यामागून थांबा, त्या त्या गावच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून. अध्यक्षांनी आपणहून प्रस्तावना लिहून दिली, दीड पानात. मामांनी स्वतःचं निवेदन माझ्याकडून लिहून घेतलं नाही. ते उभ्या उभ्या, एका बोटानं, दोन दिवस टाइप करत होते. त्याचं पहिलं वाक्य होतं: त्या दिवशी मी दोन घंट्या दिल्या होत्या.

सुगराबींकडं आम्ही दोघं गेलो. जाताना गाडीत मामा नेहमीप्रमाणं उभे होते, सगळी गाडी रिकामी असताना. त्या आता थकल्या होत्या, ओट्यावर बाजेवर पडून असायच्या. मामांना त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"कंडक्टर," त्या म्हणाल्या. "बैठो ना. अब काय खडे रहते?"

मामा बाजेच्या कडेला बसले आणि त्यांनी सरळ विषयाला हात घातला. बातमी, प्रशस्तिपत्र, नाय न म्हणणं, सगळं. माफी हा शब्द त्यांना उच्चारता येईना. दोनदा सुरू करून ते थांबले. सुगराबींनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेरे को मालूम था. पेपर आया था गाँव में, मास्टर ने पढ़ के सुनाया."

"मग बोललीस का नाय कधी?"

"तुम्हारी नौकरी थी. नये-नये थे." मग त्या कुशीवर वळल्या. "पर मेरी टोकरी फुटी उस दिन. गाडी ऐसी रुकी, सब चुड्या चुरा हो गई. वो किसी ने नहीं लिखा. नाम का मेरे को कुछ नहीं, टोकरी का लिखो."

मी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, वाचून दाखवले आणि त्यांचा अंगठा घेतला. परत येताना मामा फुलंब्रीच्या, देवगावच्या, कुठल्याकुठल्या गोष्टी सांगत होते, आणि मधेच खिडकीबाहेर पाहून म्हणाले, "मला वाटायचं, तिला माहीतच नाय. एवढी वर्षं मी त्या समजुतीवर होतो."

पुस्तक निघालं. दोनशे पानांचं सुद्धा नव्हतं. प्रशस्तिपत्र मामांनी चौकटीतून काढून वाचनालयाला दिलं, आणि देण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला आपल्या हातानं खरी हकिकत लिहून सही केली. आम्ही ते दोन्ही बाजूंनी स्कॅन केलं. काही जुने सहकारी नाराज झाले. स्टँडवर त्यांना एकानं विचारलं, "आता कशाला उकरलंस? कोण विचारायला आलं होतं?" मामा म्हणाले, "कोणी नाय आलं. लई वाट बघितली."

चिंचखेड्याचं पान टाकबोरूनं स्वतः दुरुस्त केलं. बातमी काय म्हणते, त्याच कंडक्टरनं पुढं छापलेलं निवेदन काय म्हणतं, आणि सुगराबी स्वतः काय म्हणतात, हे त्यानं तीन वाक्यांत, तीन संदर्भांसह मांडलं. मामांनी ते इतक्यांदा वाचलं की मला पाठ झालं. मग त्यांनी चर्चापानावर विचारलं: बांगड्यांचे लिहिता येईल का? उत्तर आलं: पुस्तकात आहे ना, मग जरूर घाला. मामांनी घातलं. सुगराबींच्या सुनेनं मोबाइलवर ते त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हाँ. अब बराबर है."

त्यानंतर दोन वर्षं मामा आणखी जोरात होते. आसपासच्या तालुक्यांतली तीन वाचनालयं त्यांनी या कामाला लावली. फुलंब्रीच्या वाचनालयात जाऊन त्यांनी स्वतः कार्यशाळा घेतली आणि तिथं कुणालाही खुर्चीवर बसू दिलं नाही, असं मला तिथल्या ग्रंथपालांनी हसत सांगितलं. एका सोमवारी मात्र ते आले नाहीत. मंगळवारी मामींचा फोन आला. छातीत दुखतंय म्हणाले, रिक्षात स्वतः चढले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहा-बारा दिवसांनी मी घरी गेले. मामी जमिनीवर बसल्या होत्या, शेजारी मामांची पिशवी तशीच, अर्ज आणि शाईच्या पॅडसकट. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, हे तुमच्याकडं येऊन नेमकं काय करायचे? मला म्हणायचे, पेपर वाचतो."

मी मोबाइल काढला आणि त्यांच्या बिल्ला क्रमांकाचं पान उघडलं. तिथं त्यांनी केलेला प्रत्येक बदल ओळीनं दिसतो, तारीख, वेळ, गावाचं नाव. मामी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि गावांची नावं हळूहळू वाचत गेल्या. यादी संपेना.

"एवढ्या येळा?" त्या म्हणाल्या.

"सगळ्यात वरचा शेवटचा आहे. रविवारी संध्याकाळचा."

"हिवरवाडी," त्यांनी वाचलं. "हे तर माझं माहेर."

मी ते पान उघडून दिलं. मामांनी एकच वाक्य वाढवलं होतं, तिथल्या शाळेच्या स्मरणिकेच्या आधारानं. गावाच्या पश्चिमेला बारव आहे, उन्हाळ्यातही तिचं पाणी आटत नाही, असं. मामींनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा मात्र रागावलेला होता.

"पश्चिमेला कुठं? उगवतीला हाय बारव. आमच्या घरामागंच. सासुरवाडीत कधी दोन दिवस राहिले नाहीत, कळणार कसं?"

"आपण ते दुरुस्त करू, मामी. तुमच्या गावात कुणाकडं जुना नकाशा, काही छापील असेल तर बघू."

"भावाकडं असंल," त्या म्हणाल्या. पुन्हा यादीकडं वळल्या, आणि अंगठा पडद्याच्या जरा वर धरून थांबल्या. "ताई, माझं बोट चुकून लागलं, तर ह्यांचं काही पुसलं जाईल का?"

"नाही मामी. इथं नंतर कुणी काहीही बदललं तरी आधीचं सगळं तसंच राहतं. कधीही उघडून बघता येतं."

त्यांनी माझ्याकडं खात्री करून घेतल्यासारखं पाहिलं. मग पदरानं हात पुसला, बोट पडद्यावर टेकवलं आणि एकेक गाव वाचत खाली जायला लागल्या.